चित्राखालचे नाव : हबशी, शिद्दी आणि कॅमेरा

सेनेगलमधील डाकारचे छायाचित्रकार ओमर व्हिक्टर दियोप यांनी २०१४ मध्ये 'डायस्पोरा' नावाची एक छायाचित्रमाला केली. स्पेनमधल्या मालागा शहरात ते तेव्हा काही महिने राहत होते. जुन्या चित्रांमध्ये अधूनमधून काळ्या वर्णाची, भारी पोशाखातली, रुबाबदार माणसे दिसतात. ती कोण होती, आफ्रिकेतून निघून परमुलखात मानाच्या जागी कशी पोचली, याचा शोध दियोप यांनी घेतला. मग त्या माणसांसारखा वेश करून ते स्वतःच कॅमेऱ्यासमोर उभे राहिले. या मालेत अमेरिकेतले फ्रेडरिक डग्लस आहेत, फ्रान्सच्या क्रांतिकाळातले जाँ-बातिस्त बेले आहेत. त्याच रांगेत आपल्या मुलखातली दोन माणसेही आहेत : अहमदनगरच्या निजामशाहीचा मलिक अंबर आणि विजापूरच्या आदिलशाहीचा इखलासखान.

मराठी वाचकाला याचे नवल वाटेल आणि थोडी शरमही वाटायला हवी. मलिक अंबर आपल्याला परका नाही. गनिमी काव्याचा जाणकार, जमीनमहसुलाची घडी बसवणारा, औरंगाबादला नहर आणणारा म्हणून तो शाळेपासून आपल्या माहितीचा आहे. पण डोळे मिटून त्याचा चेहरा आठवा म्हटले, तर किती जणांना तो आठवेल? शिवाजी महाराजांचा चेहरा आपल्या भिंतीवर आहे, चांदबिबीचाही कुठेतरी पाहिलेला असतो. अंबराचे आपल्याकडे नाव उरले, चेहरा उरला नाही. आणि आज जे त्याच्या वंशाचे, वर्णाचे लोक या देशात राहतात, त्यांच्या बाबतीत नेमके उलटे झाले. त्यांचा चेहरा लोक टक लावून पाहतात, नाव मात्र विचारत नाहीत.

प्रस्तुत लेखात चित्र आणि छायाचित्र यांच्या आधाराने या दोन टोकांमधला प्रवास पाहायचा आहे. त्यासाठी मी एक साधी कसोटी धरली आहे : माणसाच्या चित्राखाली नाव आहे का, आणि असेल तर ते कोणी लिहिले?

दोन समुद्रांचा इतिहास

'आफ्रिकन डायस्पोरा' म्हणजे आफ्रिकेतून बाहेर विखुरलेला समाज. हा शब्द उच्चारला की बहुतेकांच्या मनात अमेरिका येते, आणि ते स्वाभाविक आहे. अटलांटिक समुद्रावरून साडेतीनशे वर्षांत सव्वा कोटींच्या आसपास आफ्रिकी माणसे जहाजांत कोंबून पलीकडे नेण्यात आली. त्यांतील फार मोठा भाग ब्राझील आणि कॅरिबियन बेटांवरच्या उसाच्या मळ्यांसाठी होता. आमच्या श्रीपूरसारख्या, साखरेवरच वसलेल्या गावात बसून हे लिहिताना हा तपशील सहज ओलांडून जाता येत नाही. ऊस आपल्या भूमीतून पश्चिमेला गेला आणि त्याच्या गोडीपायी एका खंडातली माणसे दुसऱ्या खंडात विकली गेली.

हिंदी महासागरातला इतिहास याहून जुना आहे आणि वेगळाही आहे. येथे गुलाम मळ्यांवर थोडे आणि लष्करात, जहाजांवर, राजवाड्यांत व घरकामात जास्त होते. लष्करी गुलाम मालकाच्या मृत्यूनंतर मोकळा होऊन स्वतः सरदार होऊ शकत असे. मलिक अंबर हे याचे ठळक उदाहरण. इथिओपियात १५४८ च्या सुमारास जन्मलेल्या या मुलाचे नाव होते चापू. तो विकला गेला, पुन्हा विकला गेला. बगदादच्या एका व्यापाऱ्याने त्याला शिकवले आणि 'अंबर' हे नाव दिले. पुढे निजामशाहीचा पेशवा चंगीजखान याने त्याला विकत घेतले. हा चंगीजखान स्वतःही हबशीच होता.

१६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतल्यावर अंबराने मुर्तजा निजामशहाला परांड्याला गादीवर बसवले. परांडा आमच्यापासून दूर नाही. बार्शीच्या पलीकडे उतरले की आलाच. १६१० मध्ये त्याने खडकी वसवली, तेच पुढचे औरंगाबाद. १६२४ मध्ये भातवडीला त्याने मोगल आणि आदिलशाही यांच्या संयुक्त फौजेचा पराभव केला. या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. त्यानंतर त्याने सोलापूरही आदिलशाहीकडून घेतले. १६२६ मध्ये तो वारला. त्याची कबर खुलताबादला आहे. म्हणजे ज्या भूमीला आपण मराठ्यांच्या उदयाची भूमी म्हणतो, तिची पूर्वतयारी ज्यांनी केली त्यांत आफ्रिकेत जन्मलेला हा माणूस पहिल्या ओळीत आहे.

नावांचा विचार करायचा तर 'हबशी' हा शब्द अरबीतल्या 'हबश' म्हणजे अबिसीनियावरून आला. 'सिदी' किंवा मराठीतला 'शिद्दी' हा 'सय्यदी' या आदरार्थी संबोधनावरून आला असावा असे मानतात. जंजिऱ्याच्या मुलखाला मराठी कागदांत 'हबसाण' म्हटलेले आहे. मूळचा आदराचा शब्द आपल्याकडे येता येता शत्रूचा शब्द झाला, याला कारण जंजिऱ्याशी झालेला दीर्घ संघर्ष आणि १६६० चा सिद्दी जौहरचा पन्हाळ्याचा वेढा. पण त्याच वेढ्याच्या वेळी सिद्दी हिलाल शिवाजी महाराजांच्या बाजूने लढत होता, हे आपल्या कथाकादंबऱ्यांतून फारसे ठसलेले नाही. नाटक-चित्रपटांतला शिद्दी म्हणजे बहुधा चेहऱ्याला काळा रंग फासलेला आणि डोळे वटारणारा मराठी नट. वर्ण हाच त्याचा स्वभाव, असे ते चित्रण सांगते.

एका माणसाचे दोन चेहरे

अंबराची त्याच्या हयातीतली दोन चित्रे शेजारी ठेवून पाहावीत. पहिले लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. ते हाशिम या चित्रकाराचे असून १६२० च्या सुमाराचे आहे. हाशिम दख्खनमधून मोगल दरबारी गेला असावा, असे मानतात. त्यात उतारवयातला, भारदस्त शरीराचा अंबर एका बाजूने दिसतो. अंगात साधा पांढरा झगा, जवळ तलवार. चेहऱ्यावरचे वय चित्रकाराने लपवलेले नाही, वर्णही लपवलेला नाही आणि त्यात भडकपणाही आणलेला नाही. मोगलांचा हाडवैरी मोगल चित्रकाराने इतक्या संयमाने रंगवावा, याला कलेचा प्रामाणिकपणा म्हणतात.

दुसरे चित्र डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथसंग्रहालयात आहे. ते अबुल हसनचे, १६१६ च्या सुमाराचे. यात जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा आहे, गोल बैलावर आणि बैल मत्स्यावर. समोर भाल्याच्या टोकावर अंबराचे तुटलेले शिर आहे आणि बादशहा त्यावर बाण सोडत आहे. शिराजवळ घुबड आहे. हे कधीच घडले नाही. अंबर मोगलांच्या हाती लागलाच नाही. तो सत्तरी ओलांडून आपल्या मृत्यूने गेला. रणात जे जमले नाही ते कागदावर करून घेतलेले हे चित्र आहे. त्यातला काळा चेहरा हा माणसाचा चेहरा नाही. तो अंधाराचा, दारिद्र्याचा, अपशकुनाचा चेहरा म्हणून रंगवलेला आहे आणि घुबड हे त्याचे स्पष्टीकरण आहे.

तिसरीकडे विजापूरची चित्रे. हैदर अली आणि इब्राहीम खान यांनी १६४५ च्या सुमारास काढलेल्या एका चित्रात मुहम्मद आदिलशहा हत्तीवर बसला आहे आणि त्याच्या मागे इखलासखान आहे. सुलतान गोरा, सरदार काळा. पण दोघांच्या अंगावर सारखीच झळाळी आहे. इखलासखान सुलतानाच्या मागे बसला असला तरी तो चित्रात 'मागे' पडलेला नाही.

या तीन चित्रांमधून एक गोष्ट निघते. वर्ण तोच असतो. त्याचा अर्थ पाहणारा ठरवतो. कॅमेरा आल्यावर हा प्रश्न मिटेल, असे वाटणे साहजिक होते, कारण यंत्राला राग-लोभ नसतो. प्रत्यक्षात तसे झाले नाही.

शरणपूरची मुले

भारतात छायाचित्रकला आली तेव्हा मुंबई तिचे मोठे केंद्र होते. १८५४ मध्ये येथे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. तिच्या संस्थापकांपैकी विल्यम जॉन्सन यांनी मुंबईतल्या जातीजमातींचा दोन भागांचा संग्रह १८६३ ते १८६६ या काळात काढला. त्यात माणसांचे फोटो वेगळे काढून ते दुसऱ्याच देखाव्यांवर चिकटवले होते. पुढे सरकारी पातळीवर 'पीपल ऑफ इंडिया' हा आठ खंडांचा ग्रंथ १८६८ ते १८७५ दरम्यान निघाला. त्यात साडेचारशेहून अधिक छायाचित्रे आहेत. या संग्रहांमध्ये चित्राखाली बहुतेक वेळा जातीचे किंवा जमातीचे नाव असते. समोर बसलेल्या माणसाला आईबापांनी दिलेले नाव छापण्याची गरज कोणाला वाटलेली नाही. एक माणूस म्हणजे एका जातीचा नमुना, असा त्या कॅमेऱ्याचा हिशेब होता.

नेमक्या याच काळात महाराष्ट्रात एक वेगळी आफ्रिकी वस्ती उभी राहत होती, तिची आठवण आज नाशिकमध्येही थोड्यांनाच असेल. इंग्रजी आरमाराच्या जहाजांनी अरबी समुद्रात गुलामांची गलबते पकडली की सुटलेली मुले मुंबईला उतरवली जात. त्यांतली अनेक मुले चर्च मिशनरी सोसायटीच्या नाशिकजवळच्या शरणपूर येथील आश्रमात पाठवली गेली. तेथे ती सुतारकाम, लोहारकाम, लिहिणे-वाचणे शिकली. इंग्रज त्यांना 'नासिक बॉइज' म्हणत. मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या पुढाकारानंतर १८७५ च्या सुमारास मोंबासाजवळ 'फ्रिअर टाउन' ही मुक्त गुलामांची वसाहत झाली, तेव्हा यांतली पुष्कळ माणसे तिकडे गेली. मराठी मुलखात वाढलेली ही मुले आफ्रिकेत परतली तेव्हा तेथेही ती परकीच होती. तेथल्या लोकांनी त्यांना 'बॉम्बे आफ्रिकन' म्हटले.

शरणपूरच्या मुलांपैकी जेकब वेनराइट याचे छायाचित्र जगाच्या इतिहासात राहिले आहे. डेव्हिड लिव्हिंग्स्टन १ मे १८७३ रोजी चितांबोच्या गावी वारला. त्याच्या सोबत्यांनी त्याचे हृदय तेथेच पुरले, शव वाळवले आणि सुमारे नऊ महिने पायपीट करून ते किनाऱ्यावर आणले. हृदय पुरताना प्रार्थना वाचणारा आणि झाडावर लेख कोरणारा तो जेकब. शवपेटीबरोबर तो इंग्लंडला गेला आणि १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या अंत्ययात्रेत पेटीच्या खांदेकऱ्यांत होता. त्या वेळचे छायाचित्र आहे : शवपेटी आणि तिच्याजवळ जेकब. त्याच वर्षी चुमा आणि सुसी या लिव्हिंग्स्टनच्या दोन सोबत्यांचीही छायाचित्रे इंग्लंडमध्ये निघाली. चुमा काही काळ मुंबईला डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत होता.

या छायाचित्रांखाली नावे आहेत, हे खरे. पण जेकब वेनराइट हे नाव त्याच्या आईने ठेवलेले नव्हते. ते मिशनमध्ये मिळालेले होते. 'चापू'चा 'अंबर' झाला तसाच हा प्रकार. शिवाय छायाचित्रात तो ज्याच्याशेजारी आहे त्या पेटीमुळेच त्याला जागा मिळाली आहे. निष्ठावान सेवक ही त्याला दिलेली भूमिका. तो लिहिता-वाचता होता, त्या प्रवासाची दैनंदिनी त्याने ठेवली होती, ही बाजू त्या चित्रात येत नाही. चेहरा नीट पाहिला तर मात्र तेथे सेवकापेक्षा वेगळे काही दिसते. शोकाहून थकवा अधिक आहे आणि थकव्याहून सावधपणा. विशीच्या आसपासचा हा तरुण परक्या देशात, परक्या यंत्रासमोर, आपण कसे दिसावे हे दुसऱ्यांनी ठरवलेले असताना स्वतःला सांभाळून बसला आहे असे मला वाटते. छायाचित्राची गंमत येथे आहे. काढणाऱ्याचा हेतू कितीही एकांगी असला तरी समोरच्या माणसाचे काहीतरी त्यात शिल्लक राहते.

केतकी शेठ यांचे शिद्दी

आजच्या काळातले या विषयावरचे भारतातले सर्वांत महत्त्वाचे काम मुंबईच्या छायाचित्रकार केतकी शेठ यांचे आहे. त्यांची 'ट्विनस्पॉटिंग' आणि 'बॉम्बे मिक्स' ही आधीची पुस्तके जाणकारांना परिचित आहेत. २००५ मध्ये गीरच्या जंगलात सहलीला गेल्या असताना त्यांना शिद्दी वस्ती दिसली आणि पुढची काही वर्षे त्या पुन्हा पुन्हा तेथे जात राहिल्या. 'अ सर्टन ग्रेस' हे पुस्तक २०१३ मध्ये निघाले. त्यात महमूद ममदानी यांचेही लेखन आहे. ममदानी मुंबईत जन्मलेले, युगांडात वाढलेले आणि १९७२ मध्ये इदी अमीनने भारतीयांना हाकलले तेव्हा तेथून बाहेर पडलेले विचारवंत. आफ्रिकेतल्या भारतीयाने भारतातल्या आफ्रिकींविषयी लिहावे, यात या दोन किनाऱ्यांचा सगळा इतिहास आला.

शेठ यांच्या छायाचित्रांची पहिली गुणवत्ता म्हणजे त्यांनी काय टाळले ही. शिद्दी म्हटले की पर्यटकाला धमाल हवी असते : मोरपिसांचा पोशाख, रंगवलेले चेहरे, डोक्याने फोडलेला नारळ. गीरच्या आसपास हा कार्यक्रम पर्यटकांसाठी नेमाने होतो, आणि त्यातून कोणाची चूल पेटत असेल तर त्याला नाक मुरडण्याचा आपल्याला अधिकार नाही. पण मूळची धमाल ही बावा गोरच्या दर्ग्याशी, भक्तीशी जोडलेली आहे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे नाचणारा माणूस दिवसभर नाचत नसतो. शेठ यांच्या पुस्तकात घर आहे, अंगण आहे, दर्गा आहे, लग्न आहे आणि मुख्य म्हणजे रिकामा वेळ आहे. रिकाम्या वेळेत माणूस कोणाचा नमुना नसतो, तो फक्त स्वतः असतो. चित्राखाली माणसाचे नाव आणि गाव येते. 'पीपल ऑफ इंडिया'नंतर जवळपास दीडशे वर्षांनी झालेला हा बदल लहान नाही.

दुसरी गुणवत्ता नजरेची. या छायाचित्रांतली माणसे कॅमेऱ्याकडे बघतात तेव्हा त्यांच्या नजरेत एक प्रश्न असतो. सगळ्यांनी छायाचित्रकर्तीला आपले मानलेले नाही. काहींच्या चेहऱ्यावर स्पष्ट नापसंती आहे, तरुणांच्या चेहऱ्यावर थोडी गुर्मी आहे. शेठ यांनी ती पुसली नाही. सगळे प्रेमळ हसत असते तर मला या पुस्तकावर इतका विश्वास बसला नसता.

आता आक्षेप. पहिला आक्षेप शीर्षकावर आहे. 'ग्रेस' म्हणजे एक प्रकारचा डौल, लावण्य. छायाचित्रांत तो आहेच, पण शीर्षकाने तो पुढे केला की पाहणारा डौलच शोधू लागतो. काळ्या शरीराचे सौंदर्य पाहणे हीदेखील एक सवय होऊ शकते, आणि ती सवय काळ्या शरीराची ताकद पाहण्याच्या सवयीपासून फार लांब नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस भारतीय क्रीडा प्राधिकरणाने शिद्दी मुलामुलींना निवडून खेळांचे शिक्षण देण्याची योजना काढली होती. आफ्रिकी वंश म्हणजे उपजत धावपटू, हा तिच्यामागचा समज. काही मुले खरोखरच पुढे आली, पण योजना थोड्या वर्षांत गुंडाळली गेली आणि मुले परत गावी गेली. कौतुकाची नजरही माणसाला अर्धाच पाहते, याचा हा पुरावा.

दुसरा आक्षेप कृष्णधवल रंगाचा. शेठ यांनी फिल्मवर, काळ्या-पांढऱ्यात काम केले आहे आणि छायाप्रकाशाच्या दृष्टीने ते अप्रतिम आहे. पण या निवडीमुळे एक गोष्ट नकळत घडते. गुजरातच्या शिद्दी बाईच्या अंगावरचा बांधणीचा रंग, दर्ग्यावरच्या चादरीचा हिरवा रंग, घराच्या भिंतीचा निळा रंग, म्हणजे तिला शेजारच्या गुजराती बाईसारखी करणारे जे जे काही आहे, ते करड्या छटांत मिसळून जाते आणि उरतो तो चेहऱ्याचा वेगळेपणा. शिद्दींची खरी गोष्ट ही वेगळेपणाइतकीच सारखेपणाची आहे. गुजरातचे शिद्दी गुजराती बोलतात. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या यल्लापूर, हलियाळ भागातले शिद्दी कोकणी, मराठी आणि कानडी यांच्या मिश्रणातून घडलेली बोली बोलतात. त्यांच्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्तीही आहेत. त्यांच्या बायका जुन्या कपड्यांचे तुकडे जोडून 'कवंदी' शिवतात. आमच्याकडच्या कोणत्याही आजीला ती दाखवली तर ती म्हणेल, ही तर आमची वाकळ. ही वाकळ रंगीतच पाहायला हवी.

हे आक्षेप घेऊनही एक सांगितले पाहिजे. शेठ यांचे पुस्तक नसते तर हे आक्षेप घ्यायलाही आपल्याकडे काही नव्हते.

स्वतःच स्वतःसमोर

आफ्रिकेत मात्र याच सुमारास आणि त्याआधीपासून एक वेगळी वाट पडत होती. मालीतल्या बामाको शहरात सेदू केता यांनी १९४८ पासून स्टुडिओ चालवला. गिऱ्हाईक येई, रेडिओ, घड्याळ, स्कूटर यांतली आवडती वस्तू जवळ घेई आणि आपल्याला जसे दिसायचे आहे तसे दिसे. आपल्या तालुक्याच्या गावांतल्या स्टुडिओंत ताजमहालाचा पडदा आणि प्लॅस्टिकची फुले ठेवून जे चालत असे, तेच हे. येथे नमुना गोळा करणारा कोणी नव्हता. फोटो काढवून घेणारा स्वतः पैसे देऊन आलेला होता. छायाचित्राचा मालक बदलला की चेहरा बदलतो, हे केता यांच्या चित्रांत स्पष्ट दिसते.

याची पुढची पायरी म्हणजे छायाचित्रकारानेच समोर उभे राहणे. सॅम्युएल फोसो यांनी बियाफ्राच्या युद्धातून वाचून बांगी शहरात तेराव्या वर्षी स्टुडिओ उघडला आणि उरलेल्या फिल्मवर स्वतःचे फोटो काढले. २००८ च्या मालेत ते माल्कम एक्स, मार्टिन ल्यूथर किंग झाले. दक्षिण आफ्रिकेच्या झानेले मुहोली यांनी आत्मचित्रांत आपला वर्ण मुद्दाम अधिक गडद छापला. हे समजून घ्यायला कॅमेऱ्याचा तांत्रिक इतिहास माहीत हवा. कोडॅक कंपनीची रंगीत फिल्म गोऱ्या बाईचे छायाचित्र असलेले 'शर्ली कार्ड' समोर ठेवून जुळवली जात असे, त्यामुळे काळ्या चेहऱ्याचे तपशील त्यात बुडून जात. दक्षिण आफ्रिकेत काळ्यांच्या सक्तीच्या ओळखपत्रांसाठी पोलरॉइडचे यंत्र वापरले जाई. १९७० मध्ये त्या कंपनीतल्याच कृष्णवर्णी कामगारांनी याविरुद्ध आवाज उठवला आणि १९७७ मध्ये कंपनीला तेथून निघावे लागले. म्हणजे यंत्रही निष्पक्षपाती नव्हते. ते कोणाच्या तरी चेहऱ्यासाठी बनवलेले होते.

दियोप यांचा मलिक अंबर या परंपरेत बसतो. त्यांच्या प्रत्येक चित्रात फुटबॉलशी संबंधित एखादी वस्तू असते : कुठे चेंडू, कुठे पंचाची शिट्टी, कुठे गोलरक्षकाचे हातमोजे. सतराव्या शतकाच्या दरबारी वेशात ती खटकते, आणि खटकावी म्हणूनच ठेवलेली आहे. युरोपात आफ्रिकी खेळाडूला शनिवारी डोक्यावर घेतात आणि हरला की केळी फेकतात. अंबरालाही निजामशाहीने डोक्यावर घेतले आणि जहांगीराने भाल्यावर. क्रीडा प्राधिकरणाच्या योजनेतले शिद्दी मूल या चित्रासमोर उभे राहिले तर त्याला त्या वस्तूचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

पण येथेही एक अडचण आहे. दियोप यांचा अंबर निजामशाहीतून उचलून जगभरच्या आफ्रिकी नायकांच्या रांगेत बसवलेला आहे. त्या रांगेत तो शोभतो. पण तो ज्या मातीत वाढला ती माती मागे राहते. खडकीच्या नहरीचे पाणी, परांड्याचा तट, त्याच्या फौजेतले मराठे, यांच्याविना अंबर म्हणजे फक्त उत्तम पोशाखातला काळा माणूस. दियोप यांनी आपल्या बाजूचे काम चोख केले. उरलेले अर्धे काम डाकारहून होणार नाही. ते येथूनच व्हायला हवे.

आपली नजर

ते झाले नाही, याचे कारण केवळ अज्ञान नाही. आपल्या गावातल्या कोणत्याही फोटो स्टुडिओत जाऊन पाहावे. लग्नासाठी मुलीचा फोटो काढला की 'जरा उजळ करा' असे सांगण्याचीही गरज पडत नाही. तो उजळ होऊनच येतो. श्रीपूरला पूर्वी हे काम ब्रशने व्हायचे, मग संगणकावर होऊ लागले, आता मोबाइल ते न विचारता करतो. उन्हात राबणाऱ्या, ऊस तोडणाऱ्या, सावळ्या-काळ्या माणसांचा हा मुलूख. ज्याच्या दैवताचा काळा रंग ओव्या-अभंगांतून मिरवला जातो, तो विठोबा येथून तासाभराच्या वाटेवर उभा आहे. पण स्वतःच्या मुलीच्या फोटोत तो रंग आम्हाला नको असतो. जो समाज स्वतःचा वर्ण कागदावर येऊ देत नाही, तो मलिक अंबराचा चेहरा भिंतीवर कसा लावणार? आणि यल्लापूरच्या, जांबूरच्या माणसाला 'तू मूळचा कुठला' असे विचारायचे तरी कसे थांबणार? या देशात काहीशे वर्षे राहिलेल्या, शेतीवाडी करणाऱ्या, मतदान करणाऱ्या माणसाला हा प्रश्न प्रत्येक बसस्थानकावर विचारला जातो, तेव्हा त्याच्या चेहऱ्याचा पासपोर्ट झालेला असतो.

चित्र हे यावरचे औषध नाही, हे मला कळते. कर्नाटकातल्या शिद्दींना २००३ मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला, तो छायाचित्रांमुळे नव्हे, त्यांच्या स्वतःच्या झगड्यामुळे. २०२० मध्ये शांताराम बुडना सिद्दी कर्नाटकाच्या विधान परिषदेत गेले आणि २०२३ मध्ये जांबूरच्या हिराबाई लोबी यांना पद्मश्री मिळाली. या दोन्ही वेळी वर्तमानपत्रांत छायाचित्रे आली आणि त्यांखाली नावे होती, कामाची ओळख होती. इतिहासाच्या मानाने ही फार मोठी गोष्ट आहे.

यापुढे व्हायला हवे ते असे की शिद्दी तरुण-तरुणींनी काढलेली छायाचित्रे आपल्यासमोर यावीत. मोबाइल आता जांबूरलाही आहे आणि यल्लापूरलाही. त्यांच्या कॅमेऱ्यात डौल येईल की नाही, धमाल येईल की नाही, हे त्यांनी ठरवावे. आपल्याला करता येण्यासारखे काम वेगळे आहे. हाशिमचे चित्र लंडनला आहे, अबुल हसनचे डब्लिनला. शरणपूरच्या मुलांचे चेहरे परदेशी दप्तरांत आहेत. या चित्रांच्या प्रती अहमदनगर, औरंगाबाद, परांडा, नाशिक येथे लोकांना पाहता येतील अशा लावणे अवघड नाही. त्यांतले जहांगीराचे चित्रही लावावे, लपवू नये. द्वेष कसा रंगवतात हे मुलांना कळले पाहिजे.

आणि खाली नाव लिहावे. मलिक अंबर हे लिहावेच. पण त्याच्या आधी, थोड्या मोठ्या अक्षरांत, चापू असेही लिहावे. ते नाव त्याला बाजारात मिळालेले नव्हते.